शब्दांची शिदोरी : ‘सिन्सिअर’ म्हणजे नक्की कसा?



आपल्या मंडळात वर्षातून दोन-तीनदा पत्रांचा हंगाम येतो. कुणाच्या मुलीला स्कॉलरशिपसाठी ओळखीतल्या वडीलधाऱ्या माणसाचं पत्र हवं असतं. कुणाच्या भाच्याचं लग्नावरून ग्रीन कार्ड व्हायचं असतं. कुणाच्या आईला सांभाळणाऱ्या बाई दुसऱ्या गावी चाललेल्या असतात आणि नव्या घरी दाखवायला त्यांना चार शब्द लिहून हवे असतात. “तुम्ही आम्हांला इतकी वर्षं ओळखता, दोन ओळी खरडून द्या ना,” असं म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? रात्री जेवणं आटोपल्यावर आपण कागद पुढे ओढतो आणि पहिलं वाक्य हातून आपोआप उतरतं : ‘ही इज अ व्हेरी सिन्सिअर बॉय.’ दुसरं : ‘ही इज सिंपल अँड इनोसंट.’ तिसऱ्यात ‘ऑनेस्ट’ येतो आणि पत्र संपतं, कारण शब्द संपलेले असतात.

ज्याच्याविषयी लिहायचं तो माणूस खरोखर चांगला असतो, लिहिणाऱ्याची तळमळही खरी असते. पण या तीन वाक्यांवरून वाचणारा अमेरिकन आपल्या डोळ्यांसमोर भलताच माणूस उभा करतो. नुकसान होतं ते बिचाऱ्या त्या मुलाचं, आणि ते कळतही नाही, कारण ‘पत्र कमी पडलं’ असं कुणी कळवत नसतं. म्हणून या वेळी शिदोरीत हेच शब्द बांधले आहेत.

सुरुवात ‘सिन्सिअर’पासून. आपल्याकडे मुलगा सिन्सिअर आहे म्हणजे काय? पहाटे उठून अभ्यासाला बसतो, वह्या पूर्ण असतात, क्लासला दांडी मारत नाही. हपिसातला सिन्सिअर माणूस वेळेवर येतो आणि टेबल रिकामं करून जातो. हा अर्थ भारतात कोट्यवधी लोकांना कळतो, शाळांच्या प्रगतिपुस्तकांत तो पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला आहे, तेव्हा तिथे तो चूक आहे असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. भारतातली इंग्रजी हीसुद्धा इंग्रजीच. फक्त हा अर्थ विमानात बसून इकडे येत नाही. इथे ‘सिन्सिअर’चा कामाशी, मेहनतीशी काही संबंध नाही. जे मनात तेच ओठावर, ढोंग नाही, एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या मॅनेजरला ‘सिन्सिअर एम्प्लॉयी’ एवढंच वाचायला मिळालं तर त्याच्या मनात येतं, मन चांगलं आहे म्हणतात, पण याला काम येतं की नाही? स्तुती करायला गेलो आणि शंका पेरून आलो, असं होतं.

ज्यांची मुलं इथे वाढली त्यांना हे भोपळ्यावरून सांगता येईल. चार्ली ब्राउनचा हॅलोविनचा कार्यक्रम १९६६ साली पहिल्यांदा टीव्हीवर आला. त्यातला लायनस हा पोरगा ‘ग्रेट पंपकिन’ची रात्रभर वाट बघत बसतो, आणि त्याची श्रद्धा अशी की जो भोपळ्यांचा मळा सर्वांत सिन्सिअर असेल तिथेच तो महाभोपळा प्रकट होतो. आता भोपळ्यांचा मळा काही पहाटे उठून अभ्यास करत नाही. लायनसला म्हणायचंय ते एवढंच, की आमच्या मळ्यात खोटेपणाचा लवलेश नाही. अमेरिकन मुलाला हा विनोद सहज कळतो, आणि आपल्यातले कित्येक जण तिथेच अडखळतात.

मग आपल्या ‘सिन्सिअर’ मुलासाठी शब्द कोणता? ‘कॉन्शिएन्शस’. उच्चाराला जरा जड आहे, पण घोटून पाठ करण्याच्या लायकीचा. कुणी बघत असो वा नसो, जो काम मन लावून, चोख करतो तो कॉन्शिएन्शस. आत ‘कॉन्शन्स’ म्हणजे सदसद्विवेक बसलेला आहे, म्हणून यात मेहनतही येते आणि नीतीही. नुसती मेहनत सांगायची तर ‘डिलिजंट’ किंवा सरळ ‘हार्डवर्किंग’. दिलेलं काम पुरं होणारच, असं म्हणायचं असेल तर ‘डिपेंडेबल’. ‘रिलायबल’ही चालेल, पण तो शब्द लोक आपल्या टोयोटालाही लावतात, एवढं ध्यानात असू द्यावं. आणि ज्याच्या हाती घराची किल्ली, आईची औषधं आणि पर्स निर्धास्त सोपवावी, तो ‘ट्रस्टवर्दी’. ज्यांची मुलं स्काउटमध्ये जातात त्यांना हा शब्द ठाऊक असेल. बॉय स्काउट्सच्या (२०२५ पासून या संस्थेचं नाव ‘स्काउटिंग अमेरिका’ झालं आहे) नियमातल्या बारा गुणांपैकी पहिला हाच. आईला सांभाळणाऱ्या बाईंच्या पत्रात तो एक शब्द दहा विशेषणांचं काम करतो.

जाता जाता ‘सिन्सिअर’ची एक गोष्ट, कारण ती आपल्यापैकी कुणीतरी पार्टीत हमखास सांगतं. रोमन मूर्तिकार म्हणे संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवायचे, आणि ज्याची मूर्ती अस्सल असे तो ‘साइन सेरा’, म्हणजे ‘मेणाविना’, असं लिहून विके. त्यावरून सिन्सिअर. गोष्ट फार गोड आहे आणि खोटी आहे. शब्दकोशकार ती मानत नाहीत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ स्वच्छ, निर्भेळ एवढाच. खरेपणाच्या शब्दाभोवतीच एवढी बनावट गोष्ट जमावी, याची आम्हांला नेहमी गंमत वाटते.

आणि ही एकटीच नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने लहानपणी वडिलांचं चेरीचं झाड तोडलं आणि खोटं न बोलता कबूल केलं, ही गोष्ट इथल्या शाळांत किती वर्षं सांगितली गेली! ती वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर मेसन वीम्स नावाच्या चरित्रकाराने आपल्या पुस्तकाच्या १८०६ च्या आवृत्तीत घातली, आणि तिला कसलाही आधार नाही. मुलांनी खोटं बोलू नये म्हणून एका गृहस्थाने एक छानसं खोटं रचलं. आपल्या लोकमान्यांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

आता ‘ऑनेस्ट’. हा शब्द मुळात अब्रूशी, ‘ऑनर’शी जोडलेला. आपला ‘प्रामाणिक’ मात्र ‘प्रमाण’ या शब्दावरून आला : ज्याला आधार आहे, ज्याचं माप खरं आहे तो. ‘इमानदार’मधला ईमान म्हणजे श्रद्धा. तिन्ही शब्द एकाच माणसाला लावता येतात, पण एकजण अब्रूकडे बघतो, एकजण मापाकडे, एकजण श्रद्धेकडे. रोजच्या वापरात ‘ऑनेस्ट’चे दोन अर्थ : खोटं बोलत नाही आणि पैशाला हात लावत नाही. शब्द चांगला आहे, पण नुसता उभा केला तर फार उघडा दिसतो. शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’त सगळे जण ज्याला पुनःपुन्हा ‘ऑनेस्ट’ म्हणतात तो इयागो असतो, नाटकातला सर्वांत नीच माणूस. आपल्या देवलांनी त्याच नाटकावरून ‘झुंझारराव’ रचलं, तेव्हा हे कपट मराठी रंगभूमीलाही परकं नाही. इथेही कुणी दर दोन वाक्यांनी ‘टु बी ऑनेस्ट’ म्हणू लागला की ऐकणारा मनात म्हणतो, मग इतका वेळ काय चाललं होतं? आपल्या ‘खरं सांगू का?’ला तसा वास येत नाही, कारण आपण ते कुजबुजीसारखं, जवळिकीने म्हणतो. त्याचं भाषांतर करून ते हपिसच्या मीटिंगमध्ये वापरू नये.

‘ऑनेस्ट’चा एक वाक्प्रचार मात्र कायम खिशात ठेवावा : ‘ऑनेस्ट मिस्टेक’. वाईट हेतू नसताना झालेली चूक. टॅक्सच्या कागदात आकडा इकडचा तिकडे झाला, विम्याच्या अर्जात तारीख चुकली, तर ‘मी खोटं बोललो नाही हो’ असं रडवेलं होण्यापेक्षा हे दोन शब्द आणि सोबत दुरुस्त केलेला कागद, एवढं पुरतं. या देशात चूक आणि खोटं यांत फार मोठी भिंत आहे. भिंतीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते आपल्याला वेळेवर सांगता आलं पाहिजे.

आमच्या मते मराठी माणसाला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘कॅन्डिड’. आता लग्नातल्या फोटोग्राफरमुळे तो पुण्या-नाशिकलाही पोहोचला आहे. मुंडावळ्या सावरताना, मामा डोळे पुसताना, कुणाला न कळवता काढलेले फोटो ते ‘कॅन्डिड’. इथल्या जुन्या लोकांना १९४८ साली टीव्हीवर आलेला ‘कॅन्डिड कॅमेरा’ आठवतो. बेसावध माणसांची गंमत टिपणारा तो कार्यक्रम. पण माणूस कॅन्डिड असतो म्हणजे काय? मराठीत आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : प्रांजळ. स्वतःला अडचणीची असली तरी जो गोष्ट झाकत नाही, तो प्रांजळ. खोटं न बोलणं वेगळं आणि न विचारता खरं पुढे ठेवणं वेगळं. कोर्टातल्या शपथेचे तीन भाग आठवा : सत्य, संपूर्ण सत्य, आणि सत्याखेरीज काही नाही. पहिला आणि तिसरा भाग ‘ट्रुथफुल’ माणूस सांभाळतो. मधल्या भागासाठी ‘कॅन्डिड’ माणूस लागतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढरा केलेला झगा घालून हिंडायचा, त्यावरून ‘कॅन्डिडेट’. निवडणुकीचे उमेदवार आणि पांढरे कपडे यांचं नातं एवढं जुनं आहे हे वाचून आम्हांला फार बरं वाटलं.

‘फ्रँक’ त्याचाच भाऊ, फक्त थोडा मोठ्याने बोलणारा. त्याच्या पुढची पायरी ‘ब्लंट’, म्हणजे बोथट. धार नसलेल्या सुरीने कापल्यासारखं बोलणारा. आपण कौतुकाने म्हणतो, “आमचे हे पहिल्यापासून स्पष्टवक्ते,” आणि इंग्रजीत त्याचं ‘आउटस्पोकन’ करतो. जपून. नोकरीच्या पत्रात ‘आउटस्पोकन’ म्हणजे वाचणाऱ्याला ऐकू येतं : याचं कुणाशी पटत नाही. रोखठोक पण सभ्य, असं म्हणायचं असेल तर ‘फोर्थराइट’ किंवा ‘स्ट्रेटफॉरवर्ड’ लिहावं. ‘परखड’ला मात्र इंग्रजीत नेमकी जोड आम्हांला अजून सापडलेली नाही. परखडपणात एक न्यायबुद्धी असते, ती ‘ब्लंट’मध्ये नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना, आणि ती आम्ही मुद्दाम ठळकपणे देतो. आपल्या शाळेतल्या इंग्रजीत ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ हा वाक्प्रचार होता, आणि स्पष्टवक्तेपणाचं वर्णन करताना तो आपल्या पिढीच्या तोंडी हमखास येतो. मूळ वाक्प्रचार निरुपद्रवी आहे. एका ग्रीक म्हणीचं इरॅस्मसने लॅटिन केलं, त्यात भांड्याचं अवजार झालं, आणि १५४२ साली ते इंग्रजीत कुदळ-फावड्याच्या रूपाने उतरलं. पण विसाव्या शतकात अमेरिकेत ‘स्पेड’ हा कृष्णवर्णीयांना हिणवण्याचा शब्द झाला. दोहोंचा उगम वेगळा असला तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ते थोडंच कळतं? हपिसात, शाळेच्या सभेत, शेजाऱ्यांशी बोलताना हा वाक्प्रचार घरीच ठेवावा. मुलांना हे माहीत असतं. आईबाबांना सांगायला त्यांना संकोच वाटतो.

सोयरिकीच्या जाहिरातींतले आणि आपल्या बोलण्यातले आणखी तीन शब्द याच घरचे. ‘साधा’चं ‘सिंपल’ करू नये, कारण माणसाला नुसतं ‘सिंपल’ म्हटलं की डोक्याने कमी असा अर्थ निघू शकतो. साधी राहणी म्हणायची असेल तर ‘मॉडेस्ट’ किंवा ‘अनप्रिटेन्शस’. ‘भोळा’चं ‘इनोसंट’ केलं की वाचणारा विचारतो, आरोप काय होता? आणि ‘सरळ’ मुलासाठी ‘स्ट्रेट बॉय’ लिहिलं तर मुलगा सरळ आहे हे बाजूला राहून त्याला मुली आवडतात एवढंच सिद्ध होतं. सोयरिकीच्या दृष्टीने तीही माहिती उपयोगी म्हणायची, पण लिहिणाऱ्या काकूंना ती द्यायची नसते.

‘इन्जेन्युअस’ आणि ‘इन्जीनिअस’ यांत एका स्वराचा फरक. पहिला भाबडा, दुसरा कल्पक. गोंधळ होणारच, तेव्हा दोन्ही टाळावेत. ‘डिसइन्जेन्युअस’ मात्र ओळखता यायलाच हवा. हपिसच्या मेमोत तुमच्या म्हणण्याला कुणी तो शब्द लावला, तर ती सौम्य टीका नव्हे. माहीत असून वेड पांघरताय, असा तो आरोप आहे. हसून सोडून देऊ नये.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या शब्दाकडे येतो : ‘इंटेग्रिटी’. गणितातला ‘इंटिजर’, म्हणजे पूर्णांक, आणि हा शब्द एकाच मुळाचे. ज्याचे तुकडे पडलेले नाहीत, घरी एक आणि बाहेर एक नाही, असा माणूस. मराठीत सचोटी. २००५ साली मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने हा वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला, कारण लोकांनी तो फार वेळा शोधला होता. पुढच्याच वर्षी मान मिळाला ‘ट्रुथिनेस’ला, म्हणजे खरं नसलं तरी खरं वाटतंय ना, मग झालं! २०२३ साली ‘ऑथेंटिक’. जे बाजारात मिळत नाही त्याचा शब्द लोक कोशात शोधतात, असं आमचं एक आगाऊ मत.

आपल्या घरांत हा शब्द येतो तो मुलांच्या कॉलेजच्या कागदांतून : ‘अकॅडमिक इंटेग्रिटी’. भारतातून नव्याने एम.एस. करायला आलेल्या मुलामुलींना हे आपण, मंडळाच्या जुन्या लोकांनी, पहिल्या आठवड्यात सांगितलं पाहिजे. आपल्याकडे इंजिनिअरिंगला मित्राची जर्नल उतरवून सबमिशन करणं ही चोरी मानली जात नसे. जर्नल न देणारा खडूस ठरे. मित्राला मदत करणं हा तिथे सद्गुण, आणि तो खोटाही नाही. पण इथे तेच प्रोग्रॅमिंगचं असाइनमेंट मित्राला पाठवलं तर देणारा आणि घेणारा दोघेही ‘डिसऑनेस्टी’च्या रकान्यात जातात. निलंबन झालं, काढून टाकलं, तर नुसतं वर्ष वाया जात नाही, विद्यार्थी-व्हिसाच अडचणीत येतो. कर्ज काढून आलेल्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

व्हर्जिनिया विद्यापीठातली ‘ऑनर सिस्टिम’ १८४२ पासूनची. खोटं, फसवणूक वा चोरी सिद्ध झाली की शिक्षा एकच, हकालपट्टी, असा तिथे अनेक दशकं नियम होता. २०२२ साली विद्यार्थ्यांनीच मतदान करून तो बदलला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा नियम तर आणखी एक पाऊल पुढे जातो : खोटं बोलू नये, फसवू नये, चोरू नये, आणि जो तसं करतो त्याला खपवूनही घेऊ नये. इथे आम्हांला लोकमान्यांच्या शेंगा आठवतात. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, म्हणून टरफलं उचलणार नाही, हा बाणेदारपणा आपण मुलांना सांगतो. पण शेंगा कुणी खाल्ल्या, हे तो बाळ सांगत नाही. गोष्टीच्या काही पाठांत तर चुगली करणार नाही असं तो स्वच्छ बजावतो, आणि तेच आपल्याला आवडतं. वेस्ट पॉइंटवर हे चाललं नसतं. एका जागी जो गुण, तो दुसऱ्या जागी गुन्हा. कोणतं बरोबर यावर घरात जेवताना वाद घालावा. आमचा स्वतःचा कौल टिळकांकडे आहे. पण ज्या कॉलेजात मुलाने नाव घातलं त्याचा नियम काय आहे, हे वाद घालण्याआधी वाचून ठेवावं.

अशीच दुसरी जागा म्हणजे सिटिझनशिपची मुलाखत. कायद्याचे शब्द आहेत ‘गुड मॉरल कॅरॅक्टर’. १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्यापासून चांगल्या चारित्र्याची अट आहे. त्याच कायद्यात ‘गोरी स्वतंत्र व्यक्ती’ अशीही अट होती, आणि तिच्यावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंड यांना नागरिकत्वास अपात्र ठरवलं. या देशाच्या सैन्यात राहून आलेला माणूस, पण चारित्र्याचा प्रश्न पुढे आलाच नाही, रंगावरच निकाल लागला. भारतीयांना हा दरवाजा १९४६ च्या कायद्याने उघडला. आज आपण ज्या खुर्चीवर बसून शपथ घेतो ती आपल्याला सहज मिळालेली नाही, एवढं नव्या मंडळींना माहीत असावं.

मुलाखत सुरू होते ती शपथेने, आणि इथे आपली सभ्यता आपल्या आड येते. समोरचा मोठा अधिकारी, प्रश्न नीट कळला नाही, पुन्हा विचारणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आपले काका-मामा मान हलवून ‘येस, येस’ म्हणतात. त्यांच्या मनात तो होकार नसतो, ‘ऐकतोय हं’ एवढंच असतं. कागदावर मात्र शपथेवरचं उत्तर उमटतं. कायदा असा की फायदा मिळवण्याच्या हेतूने शपथेवर खोटं सांगितलं तर चारित्र्याची अट मोडते. ते खोटं किती महत्त्वाच्या बाबतीत होतं, हे पाहिलं जात नाही. १९८८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. न कळता मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे खरं. पण मग ते समजावून सांगत बसावं लागतं. त्यापेक्षा ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांकडून वीस वेळा म्हणवून घ्यावं. यात अनादर काही नाही, उलट इथे तो प्रांजळपणाच समजला जातो.

आता पुन्हा त्या पत्राकडे. एवढे शब्द वाचून कुणी एका परिच्छेदात कॉन्शिएन्शस, कॅन्डिड, फोर्थराइट आणि इंटेग्रिटी असे सगळे कोंबील, तर ते पत्र आधीच्याहून वाईट होईल. विशेषण एक किंवा दोन. बाकी सारं आपण डोळ्यांनी पाहिलेलं. ‘ट्रस्टवर्दी’ लिहा आणि पुढच्या ओळीत लिहा की या बाईंकडे आमच्या घराची किल्ली तीन वर्षं होती, दर आठवड्याच्या भाजीचा हिशोब त्या पावतीसकट फ्रिजवर लावून ठेवत, एकदा दुकानदाराने वीस डॉलर जास्त परत दिले ते त्यांनी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. लग्नाच्या ग्रीन कार्डसाठी लिहिताना ‘दे आर अ सिन्सिअर कपल’ याला काडीचा अर्थ नाही. तिथे ‘बोना फाइडी’ लग्न, म्हणजे खऱ्या भावनेने, संसारासाठी केलेलं लग्न, एवढंच पाहायचं असतं. तेव्हा कोणत्या तारखेला त्यांच्या घरी जेवलात, सासूबाई भारतातून आल्या तेव्हा सुनेने रजा काढली हे तुम्हांला कसं कळलं, मुलाच्या बारशाला तुम्ही होतात का, ते लिहा. आणि जे पाहिलं नाही ते लिहू नका, कितीही गळ घातली तरी. अशा पत्राखाली आपण बहुधा शपथपूर्वक सही करत असतो.

ज्यांना आपण पुरतं ओळखत नाही त्यांचं पत्र मागायला कुणी आलं तर? मराठीत नाही म्हणणं कठीण, हे आम्ही जाणतो. ‘मी त्यांना गणपतीत दोनदा भेटलो आहे, तेवढंच लिहीन,’ असं सांगावं. बहुतेक वेळा मागणारा स्वतःच दुसऱ्याकडे जातो, आणि कुणाला राग येत नाही.

राहता राहिला पत्राचा शेवट. शाळेत आपल्याला शिकवलं होतं की साहेबाला ‘युअर्स फेथफुली’, ओळखीच्याला ‘युअर्स सिन्सिअरली’, आणि रजेच्या अर्जाखाली ‘युअर ओबीडिअंट स्टुडंट’. इथे साऱ्याला एकच, ‘सिन्सिअरली’. नोकरी नाकारणाऱ्या पत्राखालीही तेच आणि थकलेल्या बिलाच्या तिसऱ्या आठवणीखालीही तेच. या ठिकाणी त्या शब्दाला काहीच अर्थ उरलेला नाही, म्हणून तो बिनधास्त लिहावा आणि खाली निळ्या शाईने सही करावी. तारीख घालायला विसरू नये, आणि तारखेत महिना आधी.

पुढच्या अंकात ‘मायाळू’, ‘प्रेमळ’ आणि ‘लाघवी’ यांची इंग्रजीत काय दशा होते ते पाहू. तोवर ‘परखड’ला कुणाला चांगला इंग्रजी शब्द सुचला, तर संपादकांकडे चिठ्ठी पाठवावी किंवा कोजागिरीच्या दुधाच्या वेळी आम्हांला गाठून सांगावं.